वकिलावाचून वादी

न्यायालयाची पायरी सर्वांना सारखीच, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पायरी सारखी असेलही. ती चढण्याचे बळ सर्वांच्या पायांत सारखे नसते. अमेरिकेत संघराज्याच्या न्यायालयांत वकिलाविना आपली बाजू मांडण्याचा अधिकार नागरिकाला १७८९ पासून आहे. राज्याच्या अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क पायदळी तुडविल्यास त्याच्यावर दिवाणी दावा लावण्याची सोय १८७१ च्या कायद्याने केली. परंतु १९६३ च्या गिडियन खटल्याने सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा जो हक्क गरिबाला दिला, तो गंभीर गुन्ह्याच्या आरोपीपुरता. दिवाणी वादीने फिर्याद स्वतःच लिहावयाची. आणि तीत दाव्यास पुरेसे कारण दिसत नाही म्हणून ती आरंभीच फेटाळली गेली, तर अपीलही स्वतःच करावयाचे.

अशा अपिलाने काय साधते, असे पुसणाऱ्यांनी 'हेन्स विरुद्ध कर्नर' हा १९७२ चा निकाल पाहावा. इलिनॉयच्या तुरुंगातील एका बंद्याला शिक्षा म्हणून एकान्तकोठडीत ठेवले होते. केवळ घोंगड्यांवर जमिनीवर झोपावे लागल्याने पायाची जुनी दुखापत बळावली, अशी त्याची तक्रार होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला वाटेला लावले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की, वकिलाने लिहिलेल्या कागदाची कसोटी सामान्य माणसाच्या कागदाला लावू नये. त्याला पुरावा मांडू द्यावा. तो जिंकेलच, असे न्यायालय म्हणाले नाही. २००७ साली कोलोरॅडोतील एका बंद्याने काविळीच्या विषाणूवरील उपचार बंद केल्याबद्दल तक्रार केली, तेव्हाही हेच तत्त्व पुन्हा उच्चारले गेले.

असे पुष्कळ दावे निराधार असतात आणि त्यांचा भार न्यायालयांवर पडतो, हा आक्षेप खोटा नाही. २००९ च्या 'इक्बाल' निकालाने नुसत्या आरोपांऐवजी पटण्याजोग्या वस्तुस्थितीची मागणी केली, ती याच विचाराने. पण कोंडा पाखडताना दाणा उडून जाणार नाही, हे सूप धरणाऱ्यानेच पाहिले पाहिजे. अपील न्यायालय अशा फेटाळणीचा विचार नव्याने करते, त्याचे मोल यातच आहे.

खरी अडचण मुदतीची आहे. खाजगी वा राज्याच्या अधिकाऱ्याविरुद्धच्या दाव्यात निकालानंतर ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. कायद्याने ठरविलेली ही मर्यादा दयेपोटी ओलांडता येत नाही, असे २००७ साली ठरले. फिर्यादीची भाषा सौम्यपणे वाचणारे न्यायालय दिनदर्शिका सौम्यपणे वाचत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. दावा फेटाळताना न्यायाधीशाने सोप्या भाषेत तीन गोष्टी लिहाव्यात: कोणती वस्तुस्थिती उणी पडली, ती दुरुस्त करता येईल काय, आणि अपील कोठे व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे. यात वादीचा पक्षपात नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती नोटीस दिली की ती दाखल झाली, असे १९८८ साली मानणाऱ्या न्यायालयाला बंद्याची परिस्थिती ओळखता येते, हे सिद्धच आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७९ साली तिहारमधील एका बंद्याचे पत्र हीच याचिका मानली होती. कागद कोणी लिहिला यापेक्षा त्यात कोणता अन्याय लिहिला आहे, हे पाहणे हेच न्यायासनाचे काम होय. ते जेथे होत नाही, तेथे अपिलाचा मार्ग नागरिकाला डोळ्यांनी दिसेल असा उघडा ठेवणे, एवढे तरी राज्याने केलेच पाहिजे.