सहा वर्षांचा व्हिसा, बारा वर्षांची रांग

आमच्याकडे दर गणपतीत एक संवाद ठरलेला असतो. आत्या मोदकाचं सारण ढवळता ढवळता फोनवर विचारते, ‘यंदा तरी येतोयस ना रे?’ आणि न्यू जर्सीतून माझा आतेभाऊ म्हणतो, ‘बघतो गं आई, स्टॅम्पिंगचं काय होतंय त्यावर आहे.’ शाळेत असताना मला वाटायचं, स्टॅम्पिंग म्हणजे पोस्टातलं काहीतरी असेल. मास कॉमला एका असाइनमेंटसाठी एच-वन-बीचे नियम वाचले, तेव्हा कळलं की दादा तिकडे ‘टेम्पररी’ आहे. गेली अकरा वर्षं!

जीआरईची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना याबद्दल विचारलं. लॉटरीबद्दल सगळ्यांना माहीत होतं. लॉटरी लागल्यावर पुढे काय, यावर सगळे गप्प.

कागदावरची सहा वर्षं

एच-वन-बी व्हिसा आला अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून. यासाठी अर्ज कंपनी करते, आपण नाही. दरवर्षी ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. मागणी त्याहून जास्त, म्हणून निवड. नंबर लागला तर आधी तीन वर्षं, मग मुदतवाढ धरून एकूण सहा. अमेरिकेबाहेर काढलेले दिवस यात मोजले जात नाहीत. म्हणजे गणपतीला तीन आठवडे घरी आलात, तर पुरावा दाखवून तेवढे दिवस परत मागता येतात. सहा वर्षं संपली की किमान वर्षभर देशाबाहेर राहायचं आणि मग नव्याने सुरुवात.

इथे अनेकांची एक गल्लत होते. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त दारातून आत जाण्यासाठी असतो. आत किती काळ राहायचं, हे आय-९४ नावाच्या नोंदीवर ठरतं. त्यामुळे व्हिसाची तारीख उलटली तरी माणूस तिथे कायदेशीरपणे काम करू शकतो. पण एकदा बाहेर पडला की परत जाण्यासाठी वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो. दादाचं गणपतीला येणं अडतं ते इथे.

मग अकरा वर्षं कशी?

याचं उत्तर २००० सालच्या कायद्यात आहे. सहा वर्षं संपायच्या पुरेसं आधी कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली असेल, तर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज मंजूर झाला, पण देशाच्या कोट्यामुळे नंबर येत नसेल, तर तीन-तीन वर्षांची. किती वेळा? नंबर येईपर्यंत.

आणि नंबर येत नाही, हीच तर खरी गोष्ट आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलंही धरतात. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना यातली साधारण ७ टक्केच मिळू शकतात, म्हणजे ढोबळमानाने ९,८००. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. उलट एच-वन-बीला असा देशवार कोटाच नाही आणि मंजूर अर्जांत सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीय असतात. आत जायचं दार मोठं, पुढची बोळ अरुंद. २०२५ च्या मध्यात ईबी-२ या गटात भारतीयांचा नंबर जानेवारी २०१३ पर्यंत पोहोचला होता. जानेवारी २०१३ मध्ये मी चौथीत होते!

‘टेम्पररी’ची किंमत

‘राहू देतायत ना, मग प्रॉब्लेम काय?’ असं माझ्या एका मित्राने विचारलं. प्रॉब्लेम असा की हे राहणं नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, दर्जा बदलायचा किंवा बॅगा भरायच्या. कंपनी बदलली तर रांगेतली तारीख सहसा टिकते, पण ग्रीन कार्डची कागदपत्रं नव्या कंपनीला पुन्हा करावी लागतात. त्यामुळे पगार कमी असला, बॉस डोक्यावर बसला, तरी माणूस गप्प राहतो. एच-वन-बीवर टीका करणारे अमेरिकन लोकही हेच म्हणतात: ज्याला सोडून जाता येत नाही तो पगारासाठी भांडत नाही आणि त्याचा फटका सगळ्यांनाच बसतो. यात त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मुलांचं आणखी अवघड. भारतात जन्मून लहानपणीच तिकडे गेलेलं मूल ग्रीन कार्डआधी २१ वर्षांचं झालं, की साधारणपणे आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो.

हे कुणाला दिसत नाही असं नाही. देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, विषय तिथेच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला. पण ती बातमीही दाराची होती. बोळीत अडकलेल्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

तुलनेला जर्मनी बघा. तिथे ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी, इतर अटी पूर्ण करून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ‘टेम्पररी’ कधी संपणार, हे तिथे पहिल्या दिवशी माहीत असतं.

अमेरिकेला जाऊ नका, असं मला म्हणायचं नाहीये. पण लाखोंचं कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. एमएसनंतर कामाची मुभा किती? (सर्वसाधारणपणे १२ महिने, स्टेम विषयांना आणखी २४.) त्या काळात एच-वन-बी नाही लागला तर कर्ज कसं फेडणार? आणि लागलाच, तर कंपनी ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करते? तिकडे असलेल्या सीनियर्सना ‘पॅकेज किती’ हे आपण लगेच विचारतो. त्यासोबत ‘रांगेतली तारीख कोणती’ हेही विचारा.

मी दादाला विचारलं. त्याने तारीख सांगितली, अगदी वाढदिवस सांगावा तशी, तोंडपाठ.