घरात करवत आणताना आधी बोटांचा हिशेब



देहूरोड आणि घोरावडी या दोन स्टेशनांच्या मधले आपले बेगडेवाडी. इथला माणूस लोकल धरून पिंपरी-चिंचवडकडे नाही तर तळेगावकडे कामाला जातो, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून घरचे काम करतो. कुणी मुलीसाठी अभ्यासाचे टेबल बनवतो, कुणी वंदनेच्या जागेसाठी चौरंग, कुणी पुस्तकांची मांडणी. कारखान्यांतून निघालेल्या पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन लाकूड स्वस्तात मिळते. हात चालणारा माणूस त्यातून चांगली वस्तू उभी करतो. अशा घरांतून आता एक प्रश्न वारंवार येतो. "भाऊ, उचलून ठेवता येईल असा टेबल सॉ घ्यायचा आहे, कोणता घेऊ?"

प्रश्न चांगला आहे. हौसेला आणि कष्टाला यंत्राची जोड मिळाली तर कुणाला नको आहे? पण बहुतेक जण किंमत आणि वॅट विचारून थांबतात. माझी विनंती आहे की तिसरा प्रश्न आधी विचारावा. हे यंत्र माझ्या बोटांची काय काळजी घेते?

लाकूडकाम मावळाला नवीन नाही. मळवलीला उतरून कार्ल्याचे लेणे पाहा. चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याचा ब्राह्मी लेख आहे. राजे आणि व्यापारी यांच्या लेखांबरोबर एका सुताराचे नावही दगडात कोरले गेले. हाताच्या कसबाचा हा मान आहे. ते हात शाबूत ठेवणे आपले काम आहे.

आता यंत्राकडे वळू. टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत हलते. इथे पाते जागेवर फिरते आणि लाकूड आपण त्याच्याकडे ढकलतो, म्हणजे हातही त्याच्याकडेच जातो. १० इंची पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. आपल्या दारावरून धडधडत जाणाऱ्या मेल गाडीच्या दुप्पट. चटका बसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ४० दातांच्या पात्याचे ८०० दात त्या जागेवरून जातात. म्हणून "मी सांभाळून करीन" हा भरवसा पुरेसा नाही. अमेरिकेसारख्या देशात, जिथे ही यंत्रे घरोघरी आहेत, तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे वर्षाला ३० हजारांच्या आसपास माणसे टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन दवाखान्यात जातात.

दुसरा धोका लाकूड उलटून येण्याचा. पात्याचे पुढचे दात खाली जातात, मागचे दात वर येतात आणि माथ्यावरून आपल्याकडे धावतात. कापलेली फळी मागे आवळली किंवा तिरकी होऊन मागच्या दातांवर चढली, तर ते दात तिला उचलून आपल्या पोटावर फेकतात. फळी धरलेला हात त्याच झटक्यात पात्यावर ओढला जातो. यासाठी चांगल्या यंत्रात पात्याच्या मागे लागूनच पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि कापलेल्या दोन भागांना आवळू देत नाही. वर पारदर्शक झाकण असते. ही पट्टी आणि हे झाकण नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घरात आणू नये.

इथे आपल्या भागातील एका जुगाडाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हातात धरायचा कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा कसायचा, फटीतून पाते वर काढायचे आणि झाला टेबल सॉ. दोन-तीन हजारांत काम होते, म्हणून अनेक जण हे करतात. पण त्यात काय काय घडते ते पाहा. कटरचे स्प्रिंगचे झाकण उघडे राहावे म्हणून बांधून टाकले जाते. मागची पट्टी नसते. खटका टेबलाखाली दाबून बांधलेला असतो, त्यामुळे अडचणीच्या क्षणी तो बंद करायला माणसाला वाकून हात खाली घालावा लागतो. थरथरीने स्क्रू ढिले होतात आणि पाते तिरके होते. सर्वात वाईट म्हणजे काम चालू असताना वीज गेली, माणूस उठून चहाला गेला आणि वीज परत आली, तर ते पाते आपोआप फिरू लागते. त्या वेळी जवळ लेकरू खेळत असेल तर? चांगल्या टेबल सॉचा खटका वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो आणि आपण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. दुकानात यंत्र सुरू करायला लावा, प्लग काढायला लावा आणि पुन्हा घालायला लावा. यंत्र गप्प राहिले तर खटका बरोबर आहे. हा खटका मोठा, लाल आणि गुडघ्यानेही बंद करता येईल असा पुढच्या बाजूला असावा.

याहून घातक प्रकार म्हणजे ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. पात्यावर त्याची वेगमर्यादा छापलेली असते. यंत्राचा वेग त्याहून जास्त असेल तर पाते लावूच नये. आणि मर्यादेत बसले तरी ग्राइंडर हे लाकूड कापायचे यंत्र नव्हे.

आता निवडीचे मुद्दे एकेक घेऊ.

पाते किती मोठे? बाजारात ८¼ इंची आणि १० इंची अशी दोन मापे दिसतात. १० इंची पाते सरळ कापात सुमारे ७९ मिलिमीटर जाड लाकूड कापते, ८¼ इंची साधारण ६५. घरकामातला प्लाय १८-१९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे लहान पातेही आपल्याला भरपूर झाले, आणि ते यंत्र हलके असते. एका खोलीच्या घरात काम संपल्यावर उचलून ठेवायचे आहे, हे विसरू नये.

कड सरळ आहे का? लाकूड ज्या कडेला टेकवून ढकलतो तिला फेन्स म्हणतात. स्वस्त यंत्रात ती पुढच्या टोकाला घट्ट बसते आणि मागच्या टोकाला हलते. मग फळी पात्यावर चेपते आणि उलटून येते. मोजपट्टी सोबत न्यावी. पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून कडेपर्यंतचे अंतर सारखे भरले पाहिजे. कड हलवून, घट्ट करून, तीन वेळा मोजावे.

पाते कोणते? लांबीच्या दिशेने भरीव लाकूड चिरायला २४ दातांचे, सर्वसाधारण कामाला ४० दातांचे, सनमायका लावलेल्या प्लायला ६० दातांचे. बोथट पाते जोर मागते, आणि जोर लावणारा हात घसरतो.

वीज किती लागते? घरचा पुरवठा २३० व्होल्टचा. १,८०० वॅटचे यंत्र जवळजवळ ८ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या बोर्डावर ते लावू नये. १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंगची तीन पिनांची जोडणी आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर असावा. लांब वायर लागलीच तर २.५ चौरस मिलिमीटरची. कुणी नातेवाइकाने अमेरिकेहून यंत्र आणून दिले तर ते तिथल्या १२० व्होल्टचे असते. आपल्या बोर्डात घातले तर जळेल.

बोट लागताच थांबणारे यंत्र मिळते का? अमेरिकेतील सॉस्टॉप कंपनीने २००४ पासून असे यंत्र विक्रीला आणले. कातडीचा स्पर्श होताच सेकंदाच्या दोनशेव्या भागात पाते थांबते. कल्पना उत्तम आहे, पण किंमत कष्टकऱ्याच्या हाताबाहेरची. आपल्या घरात ते काम पट्टीने, झाकणाने आणि शिस्तीने करायचे आहे.

आता पैशाचा हिशेब. समजा यंत्र ४० हजारांचे आहे आणि ५ वर्षे चालले. वर्षाचा खर्च ८ हजार. वर्षात ४ दिवस वापरले तर दिवसाला २ हजार रुपये पडले. १०० दिवस वापरले तर ८० रुपये. म्हणजे जो ऑर्डरी घेतो त्याने यंत्र घ्यावे, आणि ज्याला वर्षाकाठी एक टेबल व एक मांडणी करायची आहे त्याने घेऊ नये. त्याने कागदावर मापे लिहून प्लायच्या दुकानातून किंवा वखारीतून तुकडे कापून आणावेत आणि उरलेले काम हातकरवत, रंधा, पटाशीने करावे. यात कमीपणा काहीच नाही. तसेही ८ बाय ४ फुटांची १८ मिलिमीटरची शीट तीस किलोच्या वर भरते. ती एकट्याने लहान टेबलावर ढकलणे धोक्याचेच.

घरात कुणी सुतारकामावरच पोट भरत असेल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये मिळतात, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्जाची तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकराचे कुटुंब त्यात बसत नाही. नोंदणी सध्या चालू आहे का, ते कॉमन सर्व्हिस सेंटरवर विचारावे.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. कारखान्यात कामावर बोट गेले तर कर्मचारी राज्य विम्याच्या सभासदाला अपंगत्वाची भरपाई मिळते. घरच्या अंगणात गेले तर उपचार मिळतील, ती भरपाई मिळणार नाही. अंगठा नसलेल्या माणसाला ठेकेदार सोमवारी कामावर घेईल का, हा विचार रविवारी प्लग घालण्यापूर्वी करावा.

माझ्या भगिनींना खास सांगणे. बहुतेक घरांत फळीचे दुसरे टोक बाईच धरते. ताई, तुम्ही फक्त फळीचे वजन पेला, ती ओढू नका. ओढल्याने फळी तिरकी होते. पदर खोचलेला, ओढणी काढलेली, बांगड्या वर सरकवलेल्या असाव्यात. कापणाऱ्याने हातमोजे घालू नयेत, दात मोजा पकडून हात आत ओढतात. पात्याच्या अगदी रेषेत कुणी उभे राहू नये. पाते फळीच्या वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर निघावे. हात पात्यापासून वीतभर दूर, शेवटचा ढकल लाकडी पट्टीने. पाते बदलताना, सफाई करताना प्लग काढून तो समोर दिसेल असा ठेवावा. पॅकिंगच्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढावेत, आणि ज्या पेटीवर रोमन लिपीत 'एमबी' असा शिक्का असेल ती विषारी धुरी दिलेली असते, ती घरात घेऊ नये. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, नाकाला एन-९५ मास्क हवेच. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे गेली तर नाकाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून बंद खोलीत, पाळण्याशेजारी हे काम करू नये.

इतके करूनही अपघात झालाच तर घाबरून वेळ घालवू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका. १०८ ला फोन करा, आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते त्याच रुग्णालयात जाता यावे म्हणून आधी फोनवर विचारा. प्रत्येक तास मोलाचा असतो.

ज्यांच्या घरी उलटा कसलेला कटर आहे त्यांनी या रविवारी तो टेबलाखालून सोडवावा आणि त्याचे झाकण पुन्हा मोकळे करावे. हातात धरून, फळी खाली घट्ट बांधून, तोच कटर पुष्कळ काम देईल. नवे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी मोजपट्टी खिशात घालून दुकानात जावे आणि पट्टी, झाकण व खटका पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

जयभीम.