मानांकन मिळाले, गडांचे काय?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्गांना मानांकन दिले आणि समस्त शिवप्रेमींचा ऊर अभिमानाने भरून आला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. या बाराव्या नावाचे मोल विशेष आहे. शिवछत्रपतींनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात जिंजी घेतला आणि बाराच वर्षांनी, रायगड शत्रूच्या हाती गेला असता, राजाराम महाराजांनी तेथूनच स्वराज्याचा कारभार चालवला. मोगली फौजांना जिंजी हाती येण्यास १६९८ साल उजाडले. मराठ्यांच्या इतिहासाला प्रांतिक उठाव ठरवून चार ओळींत उरकण्याची सवय ज्या विद्वानांना जडली आहे, त्यांनी नकाशावर रायगड आणि जिंजी यांतील अंतर एकदा मोजून पाहावे.

तथापि, हे मानांकन म्हणजे ताम्रपट नव्हे. २००९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनचे आणि २०२१ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलचे नाव याच यादीतून वगळण्यात आले. नव्या बांधकामांचा मोह आवरला नाही, हे दोन्ही ठिकाणचे कारण. बांधकामाचा आणि उद्घाटनाचा मोह महाराष्ट्रालाही नवा नाही.

मालवणची घटना विसरली जाता कामा नये. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, राजकोट येथे शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. वाऱ्याच्या वेगाचे कारण पुढे करण्यात आले. त्याच वाऱ्यात, त्याच समुद्रात, समोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्गाचा तट उभा आहे! विरोधकांनी या प्रसंगाचे राजकारण केले, हे खरे. पण त्यांना ती संधी कोणी दिली? हिंदुत्वाचा आणि शिवरायांचा वारसा सांगणाऱ्या शासनाकडून लोकांची अपेक्षा अधिक असते आणि ती अधिकच असावयास हवी. पुढे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभारला गेला. अनावरणाच्या समारंभाला मंत्री, छायाचित्रकार, हारतुरे सर्व काही असते. टाक्यातला गाळ उपसण्याच्या आणि ढासळता बुरूज सावरण्याच्या कामाला फीत कापता येत नाही, ही खरी अडचण आहे.

स्वराज्यात मात्र या कामालाच प्रतिष्ठा होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचावे. गडाच्या वाटांवर आणि बाजारात केरकचरा पडू देऊ नये, तो खाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि त्या राखेवर परसात भाजीपाला करावा, इतका बारकावा त्यात आहे. आज पावसाळ्यातील एखाद्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते. आणि गर्दी ओसरल्यावर मागे उरतात त्या पाण्याच्या बाटल्या. ‘जय शिवाजी’ अशी आरोळी ठोकणारा आणि बाटली दरीत भिरकावणारा तरुण पुष्कळदा एकच असतो.

पन्हाळ्याचा प्रश्न निराळा आणि अधिक नाजूक आहे. त्या गडावर आजही गाव नांदते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर परवानगीचे आहेत. घराच्या डागडुजीसाठीही ज्याला अर्ज करावा लागतो, त्या रहिवाशाच्या मनात नव्या मानांकनाविषयी धास्ती असेल, तर त्याला इतिहासद्रोही म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. गडावर वस्ती असणे हीच मराठ्यांच्या दुर्गांची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा रहिवासी आणि कालपरवा बेकायदा बांधकाम करून बसलेला व्यावसायिक यांतील भेद प्रशासनाने कागदावर स्पष्ट केला पाहिजे.

बारापैकी आठ दुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या संचालनालयाकडे आहेत. एकमेकांकडे बोट दाखविण्यास ही वाटणी मोठी सोयीची. १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेविषयी लोकमान्यांनी ‘केसरी’तून लोकांना हाक दिली, तेव्हा राज्य परक्यांचे होते. आज केंद्रात आणि राज्यात स्वकीयांचे राज्य आहे. तेव्हा प्रत्येक दुर्गावर वर्षभरात किती निधी खर्च झाला, कोणता तट दुरुस्त झाला, किती टाकी स्वच्छ झाली, याचा तपशील दोन्ही खात्यांनी एकत्रितपणे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करावा. सुटीच्या दिवशी घमेली आणि फावडी घेऊन गड चढणाऱ्या तरुणांना परवानगीसाठी दोन कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागू नयेत, एवढी व्यवस्था तरी या शासनाने तातडीने करावी.