यंत्राची चौकशी, माणसाचा पंचनामा

२५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच कोसळले. सुदैवाने सर्वजण वाचले. ३ मे २०२४ रोजी महाड येथे सुषमा अंधारे यांना प्रचारासाठी नेण्यास आलेले हेलिकॉप्टर उतरतानाच आदळले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याजवळ बावधन येथे हेलिकॉप्टर कोसळून पेटले. दोन वैमानिक आणि एक तंत्रज्ञ असे तिघे प्राणांस मुकले. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली. या चौकशीच्या कक्षेत कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

जमिनीवर उभे असलेले हेलिकॉप्टर सुरू होताना पेटते, तेव्हा हा प्रश्न उघडा पडतो. बॅटरीच्या बळावर इंजिन फिरू लागते, पुरेसा वेग आला की त्यात इंधन सोडून ठिणगी दिली जाते. बॅटरी कमजोर असेल किंवा मागून वारा येत असेल, तर हवा कमी आणि इंधन जास्त होऊन उष्णता मर्यादेबाहेर जाते. आधीचा प्रयत्न फसून आत इंधन साचले असेल, तर पुढच्या प्रयत्नात ज्वाळा बाहेर पडते. अशा वेळी इंधन तत्काळ तोडावे लागते. ते करण्यास क्षणाचा विलंब झाला की अहवालात 'वैमानिकाची चूक' असे लिहून मोकळे होता येते. पण बॅटरी कमजोर का होती? ती बदलण्याचे कोणी लांबवले? एका दिवसात पाच सभा ठरवणाऱ्याने वैमानिकाच्या विश्रांतीचा हिशेब केला होता काय? खरा तपास येथून सुरू होतो.

तपासाचा हेतू दोषारोप नसून पुढील अपघात टाळणे हा असतो, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. त्याविना कोणताही तंत्रज्ञ खरे बोलणार नाही. परंतु या तत्त्वाच्या आड मालकाची जबाबदारी लपवणे मान्य नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातील व्याख्या पाहा. उड्डाणाच्या हेतूने कोणी विमानात चढल्यापासून असे सर्वजण उतरेपर्यंत जे घडते, तोच 'अपघात'. म्हणजे नेता आत बसल्यावर आग लागली तर तो अपघात. पण दुरुस्तीनंतर केवळ इंजिन तपासण्यासाठी ते चालू करणारा तंत्रज्ञ भाजला, तर त्या व्याख्येत तो बसत नाही. त्याच्या वाट्याला उरतो तो पोलिसांचा पंचनामा आणि कंपनीचा अंतर्गत कागद. आग तीच, इंधन तेच. फरक फक्त माणसाचा!

शिवाय २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास विभाग आणि ज्याच्या परवान्यांवर उड्डाणे चालतात ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. परवाना देणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा शोध त्याच घरातील भावंडाने घ्यायचा, ही व्यवस्था निःपक्षपाती कशी म्हणावी?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा नाही. कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या श्रीगोंदा तालुक्यासारख्या भागात निवडणुकीच्या दिवसांत पुढारी आकाशातून उतरतात. मैदानावर तात्पुरते हेलिपॅड आखले जाते आणि त्याभोवती पोलीस, होमगार्ड, कार्यकर्ते व कुतूहलाने आलेली मुले उभी राहतात. इंजिन सुरू होताना ज्वाळा उठलीच, तर पहिली झळ यांनाच लागेल. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार दौरा आखताना होतो काय?

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. तपासाची व्याख्या जमिनीवर राबणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत विस्तारली पाहिजे. तपास यंत्रणा मंत्रालयाच्या ताब्यातून काढून संसदेला उत्तरदायी केली पाहिजे. अंतिम अहवाल मराठीत तहसील कचेरीत वाचावयास मिळाला पाहिजे. आणि पुढचे हेलिकॉप्टर उतरण्यापूर्वी, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, श्रीगोंद्यातील साथींनी प्रशासनास लेखी विचारावे: अग्निशामक बंब कोठे उभा राहणार, गर्दी किती अंतरावर थांबवणार आणि काही विपरीत घडल्यास उत्तर कोण देणार?