डेटाबेस पाहिजे? मग चार उत्तरं द्या

"डेटाबेस पाहिजे? तिकीट टाक."

आयटीतल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. तिकीट टाकायचं, मॅनेजरचं अप्रूव्हल घ्यायचं, मग सर्व्हरवाले मशीन देणार, स्टोरेजवाले डिस्क देणार, नेटवर्कवाले पोर्ट उघडणार आणि सगळ्यात शेवटी डीबीए येऊन डेटाबेस टाकणार. आमच्याकडे याला साधारण तीन आठवडे लागायचे. मध्ये गणपती आले तर पाच. (ऑफिस लालबाग-परळच्या पट्ट्यात असल्यामुळे याबद्दल कोणी तक्रार करत नाही. :))

गेलं वर्षभर मी ज्या टीममध्ये आहे तिचं काम म्हणजे हे तीन आठवडे वीस मिनिटांवर आणणं. याला म्हणतात सेल्फ-सर्व्हिस डेटाबेस प्लॅटफॉर्म. डेव्हलपरने पोर्टल उघडायचं, पोस्टग्रेस की मायएसक्यूएल ते निवडायचं, छोटा-मध्यम-मोठा यातला एक साइझ घ्यायचा, बटण दाबायचं आणि चहा पिऊन यायचं. हे करायलाच हवं, याबद्दल वाद नाही. पण सगळ्यांचं लक्ष त्या वीस मिनिटांकडे असतं, आणि माझं मत असं की खरी गोष्ट तिथे नाहीच.

आधी थोडं तांत्रिक. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) एका दणकट सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचा थर चढवला की त्यावर वीस-तीस व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपलं मशीन स्वतंत्र आहे. चाळीसारखंच हे. खोली ज्याची त्याची, टाकी मात्र एकच. सगळे एकदम नळ सोडत नाहीत या भरवशावर इथेही मेमरी आणि सीपीयू असतात त्यापेक्षा जास्त वाटले जातात. वेबसाइटच्या सर्व्हरला हे चालून जातं. डेटाबेस मात्र पिंपं भरून ठेवणारा भाडेकरू आहे. डिस्कवर जाणं महाग पडतं म्हणून तो मिळेल तेवढी मेमरी धरून बसतो. ती काढून घेतली की रडतखडत चालतो. शेजाऱ्याचा बॅकअप सुरू झाला की याची डिस्क मंदावते. म्हणून डेटाबेसला मेमरी राखून ठेवायची, प्रत्येकाच्या डिस्क वापराला मर्यादा घालायची, मूळ डेटाबेस आणि त्याची रेप्लिका एकाच सर्व्हरवर कधीच ठेवायची नाही. हे एकदा टेम्प्लेटमध्ये बसवलं की बटण दाबणाऱ्याला त्यातलं काही माहीत नसलं तरी चालतं. काम कष्टाचं आहे, पण अवघड नाही.

अवघड आहे ते काकांना टेम्प्लेटमध्ये बसवणं.

काका म्हणजे आमचे सीनियर डीबीए. वीसेक वर्षं हेच काम करतायत. तिकीट घेऊन त्यांच्याकडे गेलं की चष्म्यावरून बघत चार प्रश्न विचारायचे. "कशाला पाहिजे? किती दिवस? आत कुणाचा डेटा जाणार? आणि उद्या उडाला तर चालेल का?" बरीच तिकिटं या चार प्रश्नांवरच परत जायची. डेव्हलपर मंडळी वैतागायची. पोर्टलची आखणी चालू असताना एका मीटिंगमध्ये सूर असाच होता की हे प्रश्न हाच अडथळा आहे, तो काढला की झालं!

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तिकीट जाऊ दे, प्रश्न राहू देत. किंबहुना ते चार प्रश्न हाच प्लॅटफॉर्म आहे, बाकी सगळी सजावट.

का ते सांगतो. एका मित्राच्या कंपनीत (नाव नको) असं बिनप्रश्नांचं पोर्टल दीड वर्ष चाललं. शेवटी यादी काढली तर टेस्ट, टेस्ट-२, फायनल-टेस्ट, फायनल-टेस्ट-नवीन... ज्यांनी बनवले त्यातले निम्मे लोक नोकरी सोडून गेलेले. डिलीट करायला कोणी धजेना, कारण "असेल कुणाचं तरी". म्हणून 'किती दिवस?' हा प्रश्न पाहिजेच. डीफॉल्ट तीस दिवस. वाढवून हवे तर एका क्लिकमध्ये वाढवा, पण कोणीतरी क्लिक केलं पाहिजे. मुदत संपली की आधी नुसता बंद करायचा, काही दिवस थांबायचं, मग काढायचा.

'कशाला?' हा प्रश्न पैशाचा आहे. क्लाउडवर निदान महिन्याचं बिल येऊन शुद्धीवर आणतं. स्वतःच्या सर्व्हरवर बिलच येत नाही, त्यामुळे सगळं फुकट वाटतं. फुकट काहीच नसतं. ओरॅकलचं उदाहरण घ्या. व्हीएमवेअरवर चार कोरचं मशीन घेतलं तरी ते ज्या ज्या सर्व्हरवर जाऊ शकतं त्या सगळ्यांचे कोर लायसन्ससाठी मोजायचे, अशी ओरॅकलची भूमिका असते. खुद्द व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि कायमची लायसन्स विकणं बंद करून सगळं वर्गणीवर नेलं. म्हणून दर महिन्याला प्रत्येक टीमला एक साधी मेल जावी, 'तुमचे इतके डेटाबेस, इतका खर्च'. पैसे वसूल नाही केले तरी चालतील. आकडा दिसला पाहिजे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत कुणाचा डेटा? टेस्टिंगला 'खऱ्यासारखा' डेटा हवा म्हणून प्रॉडक्शनची कॉपी मारणं हा आपल्या धंद्यातला जुना रोग. पूर्वी त्यासाठी तीन आठवडे भांडावं लागायचं, आता वीस मिनिटांत होतं. त्या कॉपीत गिरगावातल्या कुठल्यातरी काकूंचा पॅन नंबर असतो, मोबाइल असतो, खात्यातली शिल्लक असते. त्यांनी तो आपल्याला एका कामासाठी दिला होता. तो फायनल-टेस्ट-नवीनमध्ये बेवारस पडून राहावा यासाठी नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड बाजूला ठेवा, त्या काकू आपल्याच आहेत असं समजून विचार करा. माझ्या मते प्रॉडक्शनची कॉपी नाव-नंबर बदलून, मास्क करूनच मिळावी, आणि तेही पोर्टलने आपोआप करावं. 'खरा डेटाच हवा' म्हणणाऱ्यासाठी मात्र माणसाची सही ठेवा. इथे वीस मिनिटांचा हट्ट नको.

चौथा प्रश्न, उडाला तर? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकून चालू डेटाबेसचीच फाइल्सची डिरेक्टरी उडवली. मग कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. डंप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने फसत होता आणि तसं सांगणाऱ्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांपूर्वी कोणीतरी सहज एक स्नॅपशॉट घेतला होता, त्याने वाचवलं. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. धडा असा की पोर्टलवर 'बॅकअप चालू' ही हिरवी टिक पुरेशी नाही. दर महिन्याला तो आपोआप रीस्टोअर करून बघा, आणि हिरवी टिक त्याला द्या.

"एवढं सगळं विचारलं तर सेल्फ-सर्व्हिस कसली?" असं कोणी म्हणेल. गिरगावात आजीकडे मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान यायचं. १९७५ साली सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, ठरलेल्या यादीवर आपली मागणी आधी भरायची, एका घरी सामान उतरणार, वाटून घ्यायचं आपणच. दुकानदार नाही, पण यादी होती आणि जबाबदारीही होती. त्यात कोणाला अडवणूक वाटली नाही. सेल्फ-सर्व्हिस मला तशी अपेक्षित आहे.

आणि हो, "सरळ क्लाउडवर जा ना" हा सल्लाही येणारच. ॲमेझॉनची आरडीएस सेवा २००९ पासून आहे, त्यांचं मुंबई रीजन २०१६ मध्ये आलं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण काकांचे चारही प्रश्न तिथेही तसेच उभे आहेत. ॲमेझॉन मशीन सांभाळेल, काकूंचा पॅन नंबर कोणत्या टेस्टमध्ये पडलाय हे नाही सांगणार.

राहता राहिले काका. "आता तुमचं काय काम उरणार?" असं एका पोराने विचारलंच त्यांना. काका म्हणाले, "अरे, इन्स्टॉल करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आता जरा डेटाबेस बघतो." सध्या ते मंद क्वेऱ्या शोधतात, रीस्टोअर फसला तर कारण काढतात आणि टेम्प्लेटमधली एकही ओळ त्यांच्या होकाराशिवाय बदलत नाही. प्लॅटफॉर्म बांधणाऱ्यांनी असा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावा. बटण कोणीही बनवेल. बटणाआधी काय विचारायचं, हे त्यालाच माहीत असतं.