लेबल आत की बाहेर?

सणाआधी आपल्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. सोळा रस्ते येऊन मिळतात अन् सोळाही रस्त्यांवर पिशव्याच पिशव्या! हौस असावी, त्यात वावगं काय? पण हल्ली आपण वस्तू कमी अन् नाव जास्त विकत घेतो. पूर्वी शिंप्याचं लेबल कॉलरच्या आत असायचं. आता कंपनीचं नाव छातीवर मिरवतो. म्हणजे जाहिरात त्यांची, पैसे आपले!

बचतगटात बायका कर्ज मागायच्या ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी. आता मुलाच्या ब्रँडेड बुटांसाठीही मागतात. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीनं बाहेरगावची मुलं इथं शिकायला येतात, त्यांच्यात आपलं लेकरू कमी दिसू नये, एवढंच त्या माउलीचं म्हणणं. तिला हसू नका. पण हप्ते फिटायच्या आत बूट फाटतात, त्याचं काय?

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात टँकरपुढच्या रांगेत कुणी कुणाचा ब्रँड पाहिला होता का? प्रत्येकीच्या हातात रिकामी घागरच होती.

मैत्रिणींनो, पोराला बूट जरूर घ्या. फक्त आई किती ब्लाउज शिवून ते फेडणार, हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. मग तोच ठरवेल, कुठले घ्यायचे!