तडजोडीला गद्दारी ठरवणारी वर्षे

९ नोव्हेंबर १९११. बर्लिनच्या राइशस्टागमध्ये चॅन्सेलर बेथमान-होलवेग फ्रान्सशी पाचच दिवसांपूर्वी झालेल्या कराराची बाजू मांडत होते. मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स चार महिने युद्धाच्या काठावर उभे होते. दोघांनी थोडे थोडे मागे सरून ते टाळले होते. सभागृहात मात्र समाधान औषधालाही सापडत नव्हते. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते हायडेब्रांड यांनी सरकारच्या धोरणावर आणि ब्रिटनवर आगपाखड केली, तेव्हा राजघराण्याच्या कक्षातून युवराज विल्हेल्म यांनी सर्वांदेखत टाळ्या वाजवून त्यांना दाद दिली. युद्ध टाळणाऱ्या सरकारची नाचक्की होत होती आणि तिला देशाच्या भावी सम्राटाची पसंती होती.

या कराराच्या वाटाघाटी फ्रान्सच्या बाजूने ज्यांनी केल्या, ते राजदूत ज्यूल कांबाँ १९०७पासून बर्लिनमध्ये होते. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते स्वतः लढले होते. अल्जीरियाचे गव्हर्नर-जनरल म्हणून त्यांनी काम केले. १८९८मध्ये ते वॉशिंग्टनला राजदूत होते. हवानाच्या बंदरात अमेरिकेच्या ‘मेन’ या युद्धनौकेचा स्फोट झाला आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी सूडाची जी हाकाटी सुरू केली, ती त्यांनी तिथे बसून पाहिली. त्यातून पेटलेल्या अमेरिका-स्पेन युद्धाच्या तहपूर्व मसुद्यावर पराभूत स्पेनच्या वतीने कांबाँ यांनीच सही केली होती. सुजाण मानल्या जाणाऱ्या देशाच्या अंगात युद्धज्वर कसा भिनतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

मोरोक्कोतल्या अगादीर बंदरावरून उभे राहिलेले हे १९११चे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण इथे राष्ट्रवाद आपोआप उसळला नव्हता. तो सरकारने मागवला होता. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री किडरलेन-वेख्टर यांना युद्ध नको होते. मोरोक्को फ्रान्सला सोडून मोबदल्यात आफ्रिकेतला एखादा भरघोस तुकडा पदरात पाडून घ्यायचा, एवढाच त्यांचा डाव होता. त्यासाठी देशात संतापाचे वातावरण हवे होते, म्हणून त्यांनी वसंत ऋतूतच कडव्या ‘ऑल-जर्मन’ संघटनेचे प्रमुख हाइनरिख क्लास यांच्याशी बोलणी केली. जूनमध्ये किसिंगेन या आरोग्यस्थळी ते कांबाँ यांना भेटले आणि पॅरिसहून आमच्यासाठी काहीतरी घेऊन या, असे त्यांना सुचवले. कांबाँ पॅरिसला गेले. ते परतण्याआधीच, १ जुलैला, जर्मनीची ‘पँथर’ ही गनबोट अगादीरसमोर येऊन उभी राहिली.

मग जे व्हायचे तेच झाले. अख्खा पश्चिम मोरोक्को घेण्याची मागणी क्लास यांच्या गोटातून गर्जू लागली. २१ जुलैला लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज यांनी जर्मनीला इशारा दिला. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या शेअर बाजारात घबराट उडाली. अखेर मोरोक्कोवर फ्रान्सचा अंमल जर्मनीने मान्य केला आणि फ्रेंच काँगोचा अडीच लाख चौरस किलोमीटरहून अधिक भाग जर्मनीला मिळाला. हिशेबाने पाहिले तर सौदा वाईट नव्हता. पण ज्यांना महिनोन् महिने विजयाचे वचन दिले गेले, त्यांना तो पराभव वाटला. जर्मनीचे वसाहतमंत्री लिंडेक्विस्ट यांनी राजीनामा दिला. तिकडे फ्रान्समध्ये पंतप्रधान कायो यांनी परराष्ट्रमंत्र्याच्या पाठीमागे बोलणी केल्याचे उघड झाले आणि जानेवारी १९१२मध्ये त्यांचे सरकार गेले. त्यांच्या जागी आलेले प्वांकारे मूळचे लोरेनचे, जर्मनीशी कणखरपणे वागणारे म्हणून ओळखले जाणारे.

युद्ध टाळणारी तडजोड अशी दोन्ही राजधान्यांत बदनाम झाली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४च्या जुलैमध्ये, कुणीच मागे का सरले नाही, याचे उत्तर शोधताना इतिहासकार रेल्वेची वेळापत्रके आणि लष्करी योजना चाळतात. ते योग्यच आहे. पण १९११मध्ये मागे सरणाऱ्यांचे काय झाले, हे प्रत्येक मंत्र्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्याचे वजन त्या योजनांपेक्षा कमी मानता येत नाही.

फ्रान्सच्या जर्मनीतील दूतावासाच्या आणि वकिलातींच्या अहवालांवरून ३० जुलै १९१३ रोजी एक टिपण तयार झाले. ‘जर्मनी युद्धखोर आहे’ असे सरसकट विधान त्यात नाही. कामगार, कारागीर, शेतकरी आणि मध्यम उद्योजक-व्यापारी यांना शांतता हवी आहे, असे ते सांगते. युद्धाकडे झुकणाऱ्यांत जमीनदार सरदार, सेनाधिकारी, तोफा बनवणारे कारखानदार आणि विद्यापीठांतले काही इतिहासकार-तत्त्वज्ञ आहेत. वाढत्या समाजवाद्यांना थोपवायला बाहेरचे युद्ध बरे, असा विचार करणारेही आहेत. ताकद हाताशी असताना फ्रेंचांशी कायद्याच्या आणि युक्तिवादाच्या भाषेत बोलावे लागते, हाच अपमान वाटणारा एक वर्ग त्यात दिसतो. आणि सर्वांत घातक म्हणून बोट दाखवले आहे ते मनात सल धरून बसलेल्यांकडे. त्यांत १९०५पासून वाटाघाटी करून लोकांच्या शिव्या खाल्लेले जर्मन मुत्सद्दीही आहेत.

हे वर्गीकरण खोटे नव्हते, याला पुरावा आहे. जानेवारी १९१२च्या निवडणुकीत दर तीन जर्मन मतदारांपैकी एकाहून अधिकाने समाजवाद्यांना मत दिले आणि ११० जागांसह त्यांचा पक्ष सर्वांत मोठा झाला. म्हणजे राष्ट्रवादाची लाट म्हणून जी दिसत होती, ती जनतेच्या मतपेटीतून उठलेली नव्हती. तिचा आवाज मोठा होता, कारण तो वृत्तपत्रे, सैन्य आणि दरबार यांतून येत होता. १९१३मध्ये जर्मनीने शांतताकाळातले सैन्य लाखाहून अधिक माणसांनी वाढवले, फ्रान्सने सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीनवर नेली. नोव्हेंबरमध्ये बेल्जियमचे राजे आल्बर्ट यांना कैसर आणि सेनापती मोल्टके यांच्याकडून युद्ध अटळ असल्याची भाषा ऐकावी लागली. ती कांबाँ यांच्या कानावर आली आणि त्यांनी २२ तारखेला पॅरिसला कळवली.

ही कागदपत्रे फ्रान्सने युद्ध सुरू झाल्यावर ‘यलो बुक’मध्ये छापली, स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी. त्या पुस्तकात रशियाच्या सैन्यजमावाबद्दलच्या तारांत फेरफार केलेला होता, हे पुढे सिद्ध झाले. त्यामुळे त्यातली जर्मनीची चिकित्सा वाचताना फ्रान्समधला राष्ट्रवादी ज्वर त्यात गैरहजर आहे, याचे भान ठेवले पाहिजे. ३१ जुलै १९१४च्या रात्री शांततावादी नेते जाँ जॉरेस यांना पॅरिसच्या कॅफेत गोळी घालणारा तरुण फ्रेंचच होता.

मोरोक्को किंवा सर्बियाशी सातारा-रत्नागिरीच्या शेतकऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरी या महायुद्धात भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यातल्या मराठा पलटणींसह, मेसोपोटेमियात गेली आणि उपाशीपोटी झुंजून एप्रिल १९१६मध्ये कूत इथे शरण गेली. युरोपच्या सज्ज्यांतल्या टाळ्यांची किंमत इतक्या दूरच्या माणसांनी मोजली, म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

कांबाँ यांचा शेवटचा अध्याय मात्र अस्वस्थ करतो. १९१९च्या शांतता परिषदेत ते फ्रान्सच्या पाच प्रतिनिधींपैकी एक होते आणि पोलंडविषयक आयोगाचे अध्यक्ष. बहुसंख्य जर्मन वस्तीचे डान्झिग पोलंडला द्यावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. अपमानाचा सल सर्वांत घातक, हे फ्रान्सच्या दप्तरात सहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. शेवटी लॉइड जॉर्ज यांनी विरोध केला म्हणून डान्झिग राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे स्वतंत्र शहर झाले. जर्मनीत त्यावरूनही राग धुमसत राहिला आणि पुढे हिटलरने तो हवा तसा वापरला.